त्रेचाळीस किलो

वजनकाट्यावर चढताना आजोबांनी काठी खाली जमिनीवरच टेकवली आणि तिच्यावर अलगद रेलले. काटा त्रेचाळीसवर येऊन थांबला.

ताईने ते पाहिलं. डोंगरमाथ्यावरच्या या तळावर माणसं नि सामान तोलण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. कोण कसं उभं राहतं, हे तिला डोळे मिटूनही कळलं असतं.

दुपार तापली होती. वारा दाखवणारी कापडी नळी मान टाकून लोंबत होती. छोट्या हेलिकॉप्टरात मागे आजी बसल्या होत्या. त्यांना खाली शहरात हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आणि सकाळपासून त्या एकच म्हणत होत्या, "हे नसतील तर मीही नाही."

वैमानिक ताईचा धाकटा भाऊ. त्याने बजावून ठेवलं होतं, "ताई, उन्हात इथली हवा पाणी घातलेल्या दुधासारखी पातळ होते. आजींबरोबर पंचेचाळीस किलोच्या आतलं माणूस दे. वर एक तांब्यासुद्धा नको."

"माझा कसला भार, पोरी," आजोबा म्हणाले. "हिच्या मते तर मी लग्नापासून हवेतच आहे."

ताईला हसू आलं. हसता हसताच तिने चिठ्ठीवर त्रेचाळीस लिहिलं.

"ही ठेव," उतरून त्यांनी काठी तिच्या हातात दिली. "तेवढंच हलकं."

पाती फिरू लागली. हेलिकॉप्टर जमिनीपासून सुटलं, माणसाएवढं वर गेलं, घराएवढं वर गेलं आणि काहीतरी मागे राहिल्याचं आठवावं तसं तिथेच थबकलं. ताईने मनातल्या मनात हात जोडले. पात्यांचा आवाज जड होत गेला. मग झोपेत कूस बदलावी तसं ते सावकाश एका अंगावर कललं आणि खाली आलं. पाती मातीला लागून तुटली.

ताई धावली. धुळीत आपलीच पावलं तिला दुसऱ्या कुणाची तरी वाटली.

तिघंही जिवंत होती. आजोबांनी आजींचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आजींना धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "उडालो की आपण."

आजोबांनी मान वर केली नाही.

भाऊ कपाळावरचं रक्त पुसत आभाळाकडे पाहत होता. "दुसरं उद्याशिवाय यायचं नाही," तो म्हणाला. "तोवर आजींचं काय करायचं? एवढं वजन उचलायला हवं होतं गं. माझंच काहीतरी चुकलं. हात चुकला माझा."

काठी अजून ताईच्या हातात होती. तिने ती त्याच्यापुढे धरली.

"तुझा नाही रे," ती हळूच म्हणाली. "राहिलेलं वजन हिच्यावर होतं. मला दिसलं होतं."