बोलावणं

नवऱ्याने टाकलेली सुगंधा मूल गावी भावाकडे राहायची. सासरच्या गावाची, राजुऱ्याची एसटी दिसली, की तिची मान अजून वळायची. आणि एक दिवस नवऱ्याचं, मुखरूचं बोलावणं आलंच. त्याचं लिव्हर निकामी झालं होतं. आपल्या लिव्हरचा तुकडा देणारं माणूस नात्यातलंच हवं होतं, आणि कायद्याने बायको अजून तीच होती.

सगळ्या तपासण्या जुळल्या. मग डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीलाच आत बोलावलं.

"सासरची जबरदस्ती असेल तर सांगा. तुमचं लिव्हर जुळत नाही, एवढंच मी त्यांना सांगेन. कोणी तुम्हाला बोल लावणार नाही."

सुगंधा घाबरीघुबरी झाली.

"तसं म्हनू नोका बाई! मले त्यानं नाई नांदवलं. माहा एक तुकडा तरी नांदू द्या त्याच्यापाशी."