मधली चित्रं

सोमेश्वरनं कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, आत नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि तातेरावांना म्हणाला, “एकटा प्रोसेसर सगळं ओढून राहिला होता, काका. झेपलं न्हाई की मधली चित्रं गाळायचा. आता व्हिडिओचं काम ह्या कार्डाकडं.”

“एकबी चित्र गळू देऊ नको,” तातेराव म्हणाले.

त्यांची लेक मोहिनी दोन महिन्यांपूर्वी पुसेगावच्या सासरहून निघून आली होती. लग्न माझ्या मनाविरुद्ध लावलं, मी परत जाणार न्हाई, म्हणत होती. तातेरावांना ते खोटं पाडायचं होतं. लग्नाच्या व्हिडिओत पोरगी चांगली हसून राहिली, एवढं चार जाणत्या माणसांनी बघितलं की झालं. मोठ्या हौसेनं भारी कॅमेऱ्यानं काढलेला तो व्हिडिओ जुन्या कॉम्प्युटरवर नेमका तिच्या हसण्यावर अडकायचा आणि एकदम पुढं उडी घ्यायचा, म्हणून वसमतहून ह्या सोमेश्वरला बोलावलं होतं.

दुपारी माणसं आली. भाऊकीतले तिघं आणि मोहिनीचे मामा सटवाजी. चहा झाला. मोहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिला कुणी बस म्हणालं न्हाई.

व्हिडिओ सुरू झाला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला. रिवाजाप्रमाणं नवरीच्या पाठीशी मामा उभे होते. हार हातात घेतलेल्या मोहिनीचं तोंड उघडलं, दात दिसले.

“हे बघा,” तातेराव म्हणाले.

पण चित्र आता अडकलं न्हाई. तिचे ओठ मिटले, पुन्हा उघडले. बँडच्या आवाजात ऐकू काही येत नव्हतं, पण ‘नको’ म्हणत होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. ती मागं सरली. मामांनी दोन्ही हातांनी तिला पुढं ढकललं. बाजूनं तातेराव आले, तिचा कोपर धरून वर उचलला आणि हार नवऱ्याच्या गळ्यात पाडला. मग कॅमेऱ्याकडं बघून हसले. सगळ्या व्हिडिओत हसलेलं माणूस तेवढंच.

सटवाजींनी आपले हात उपरण्याखाली घेतले.

“सोमेश्वर, काढ ते कारड,” तातेराव म्हणाले.

“काहून? बराबर चालून राहिलं की.”

“काढ म्हणलं ना.”

भाऊकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आबांनी विचारलं, “पुसेगावला गाडी किती वाजता हाय?”

मोहिनी दारातून पुढं आली. “आबा, तुमी आत्ता बघितलं ना सगळं?”

“बघितलं ना, लेकरा,” आबा म्हणाले. “म्हणून तर गावाला कळायच्या आत, आजच पोचवा म्हणतो.”