वन्संनी घेतलेली कळ

छातीच्या ऑपरेशननंतर हेमलता श्वासाचा व्यायाम करत होती. नळीतून श्वास ओढताच दुखावलेल्या नसेतून विजेसारखी कळ गेली आणि यंत्रातले चेंडू जेमतेम हलले.

"सिस्टर, तिची कळ माझ्याकडे वळवा," दुसऱ्याचं दुखणं आपल्या अंगावर घेणारा पट्टा मनगटाला बांधत प्रमिला म्हणाली. हेमलताच्या या मोठ्या नणंदेने वर्षभर तिच्याशी अबोला धरला होता.

"वन्सं, नाही सोसायचं तुम्हाला. तुमच्या भावानं लगेच पट्टा काढून टाकला."

"तो काढणारच. तू ओढ."

हेमलताने छाती भरून श्वास घेतला. तिला काहीच दुखलं नाही. प्रमिला मात्र कळवळून खाटेच्या कडेवर वाकली. सगळे चेंडू वर गेले.

"आई गं!" डोळे पुसत प्रमिला म्हणाली, "आणखी एकदा घे. चांगला खोल."