गावपळणीतला पाहुणा

गावपळणीचा दुसरा दिवस होता. देवाच्या हुकमाने अख्खा गाव गुराढोरांसह वेशीबाहेरच्या झोपड्यांत उतरला होता. तीन दिवस आत पाऊल टाकायचं नाही, म्हणून शेवंतीने होमस्टेचं बुकिंगही बंद ठेवलं होतं. आणि तिच्या मोबाइलवर एक अनोळखी तरुण तिच्याच स्वयंपाकघरातून लाइव्ह होता, लोणच्याची बरणी उघडत.

“मित्रांनो, भुताचं गाव! माणूस औषधालाही नाही!”

“ह्या माझा घर. भायर हो,” तिने व्हिडिओखाली लिहिलं.

त्याने ते मोठ्याने वाचलं. “बघा, भूत कमेंट करतंय!”

शेवंती ताडकन उठली, तसे मानकरी आडवे आले. “आत जाव नको गो. तेका भायर पडूची वाट हयसूनच आसा.”

वाटेवर बैलगाडी आडवी लावली. थोड्या वेळाने त्या तरुणाची मोटार येऊन थांबली. “माझ्या घरात कित्याक शिरलंस?” शेवंतीने त्याला गाठलं.

“मावशी, चिडता काय? लाखभर लोकांनी पाहिलं. फुकट जाहिरात झाली तुमची!”

मानकऱ्यांनी त्याला देवळाकडे तोंड करून उभं केलं आणि गाऱ्हाणं घातलं, “पोराची चूक पदरात घे, तेका सुखरूप घराक धाड, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” एकट्या शेवंतीखेरीज सगळा गाव म्हणाला.