सर्वो मोटरची पारख

भर स्पर्धेत रोबोचा हात लुळा पडू नये, म्हणून प्रियंकाला बोटाएवढ्या तीन सर्वो मोटरी अगदी भरवशाच्या हव्या होत्या. सोलापुरातल्या दुकानदाराने ट्रे पुढे सरकवला. “कुठल्याही घ्या, ताई. सगळ्या सारख्याच.”

सोबत तिचे वडील होते, हरिबा. उभा जन्म शेळ्यांच्या बाजारात गेलेला माणूस. ते एकेक मोटर उचलून कानाशी धरायला लागले, तसं प्रियंकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदाराला मात्र चेव आला. “ही बघा काका, एक नंबर! आन् ही तर बिघडायचं नावच घेत न्हाय!” हरिबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन मोटरी वेगळ्या काढल्या.

स्पर्धेत त्या हाताने दिवसभर पाण्याचा पेला उचलला, थेंब सांडला नाही. त्याच ट्रेमधून घेतलेल्या मैत्रिणीच्या मोटरी मात्र दुपारीच अडकल्या.

“आबा, आवाजावरनं वळखलं व्हय तुमी?” प्रियंकाने घरी येऊन विचारलं.

“छ्या! मला त्यातलं काय कळतंय? मी दुकानदाराचं ऐकत हुतो. ज्या मोटरीचं त्यानं कौतुक केलं, ती खाली ठिवली. बिनखोडीच्या शेळीचं गुण बाजारात कोण गात न्हाय, पोरी.”