फक्त बायकांसाठी

"पडद्याच्या आत यायचं नाही," अफ्राह म्हणाली. "लॅपटॉप खालून सरकवा."

पडद्याखालून लॅपटॉप आला आणि मागोमाग पुरुषाचा आवाज. "बायकोचा आहे, ताई. परवा लाईट गेली आणि एकदम जोरात आली, तेव्हा बंद पडला. आता चालू होतो, पण मेल दिसत नाहीत. दिसले तर नुसती प्रश्नचिन्हं."

मुकल्ला शहरात बायकांचे फोन आणि लॅपटॉप दुरुस्त करणारं बाईचं दुकान एवढं एकच. घरातले उघड्या चेहऱ्याचे फोटो परक्या पुरुषाच्या नजरेला पडू नयेत म्हणून बायका लांबलांबून इथे येत. पुरुष सहसा येत नसत. कधी आलाच तर अफ्राहच्या मनात पाल चुकचुके.

"बायको का नाही आली?"

"बाळंतीण आहे. चाळीस दिवस झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, तुम्हाला तर ठाऊकच."

"मग चाळीस दिवसांनी आणा. मेल म्हणजे काय मासे आहेत, नासायला?"

तो हसला नाही. "तिने अन्नपाणी टाकलंय, ताई. आजच दाखवून ये म्हणाली."

"मुलगा झाला की मुलगी?"

"मुलगी. हिंद नाव ठेवलं."

"आणखी लेकरं?"

तो जरा थांबला. "नाही. ही एकटीच."

अफ्राहने त्याच्याकडून नंबर घेऊन बायकोला फोन लावला. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "मेल मिळाले तर त्यालाच द्या," बाई म्हणाली. "आधी त्यालाच बघू दे सगळं." आणि रडू लागली.

कोणती बाई आपणहून नवऱ्याला म्हणते, माझे सगळे मेल तू आधी बघ? अफ्राहला वाटलं, हिच्या मागे कुणीतरी उभं आहे. सासू असेल, दीर असेल. मागच्या वर्षी असाच एक जण आला होता, असाच फोन झाला होता, बाई अशीच रडत 'द्या' म्हणाली होती. अफ्राहने सगळं देऊन टाकलं. त्या बाईला नवऱ्याने दात पाडून माहेरी धाडलं, हे तिला नंतर एका गिऱ्हाइकाकडून कळलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. अफ्राह तर पाणीसुद्धा फुंकत होती.

तरी काम तिने नेहमीसारखंच मन लावून केलं. मोडलेली फाइल तुकड्यातुकड्याने जोडली. प्रश्नचिन्हांच्या जागी अक्षरं आली, मग नावं. लोकांचे मेल ती वाचत नसे. अक्षरं नीट उमटली का, एवढं पाहायला एकच उघडे. यादीत वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं: अबू फारिस. म्हणजे फारिसचा बाप. त्यातला एक तिने उघडला.

'रात्री तुझा फोटो उशाशी घेऊन झोपतो. कुणाला दाखवू नकोस म्हणालीस. नाही दाखवत.'

अफ्राहने घाईने तो बंद केला. बाहेरच्याच्या घरात एकुलती एक मुलगी, तीही पाळण्यातली. मग हा फारिस कुणाचा, आणि त्याचा बाप कोण? पडद्याबाहेरच्याला विचारायची सोय नव्हती. विचारणं म्हणजे त्या बाळंतिणीची मान त्याच्या हातात देणं.

"काही मिळतंय का हो?" त्याने विचारलं. घाई बघा याची, अफ्राह मनात म्हणाली, आणि तिला त्याचा खरोखरच राग आला.

तिने ठरवलं. प्रेमाचे मेल पुन्हा लिहिता येतात, बाईला जीव एकच असतो. नुसते पुसले तर दुसऱ्या दुकानात कुणी ते खणून काढील, म्हणून तिने त्या जागेवर कोरं भरलं, आणि पुन्हा एकदा कोरं भरलं. आता ती स्वतःही ते परत आणू शकली नसती. जड वाटलं तिला, पण बरंही वाटलं. एका बाईला वाचवता आलं नव्हतं, दुसरीला वाचवलं.

"नाही राहिलं काही, भाऊ," ती म्हणाली आणि लॅपटॉप पडद्याखालून सरकवला. "फाइलच सडली होती."

बाहेर त्याने लॅपटॉप उचलला.

"फोटोसुद्धा?"

"कसले फोटो?"

"फारिसचे. आमचा थोरला. मी जेद्दाला नोकरीला होतो तेव्हा झाला. ही मेलमधून त्याचे फोटो पाठवायची, स्वतःचेही. मी आलो तोवर त्याला तापाने नेलं होतं, मातीही देऊन झाली होती. मी त्याला हातात घेतलाच नाही. माझा मेल कंपनीचा होता, कंपनीबरोबर गेला. हिच्याकडे होते तेवढेच. हिंद त्याच्यासारखी दिसते का, ते तिला बघायचं होतं. मला म्हणाली, आधी तूच बघ."

"भाऊ, मी..." अफ्राह म्हणाली.

"तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, ताई," पडद्याबाहेरून तो म्हणाला. "दुसरीकडे द्यायचाच नाही म्हणाली होती ती. म्हणाली, त्या बाईकडेच दे, ती आपल्यासारखंच जपेल."