हंबीरराव आत येईनात

भट्टीतलं लोखंड वितळून तयार होतं आणि ते साच्यांत ओतणारे हंबीरराव कुपवाडच्या त्या कारखान्याच्या गेटाबाहेर, स्टँडला लावलेल्या मोटारसायकलवर मांडी घालून बसले होते. मागं पाळीवरचे सगळे कामगार उभे. कुणी कुठं कामाला जायचं ते गेटावरच्या पडद्यावर रोज दिसे. आज पहिल्याच ओळीत आलं होतं : 'हंबीर – भट्टी'.

“हंबीर मला फकस्त माझा बा म्हणायचा,” ते म्हणाले. “त्यो गेला. आता ह्यो टीव्ही म्हणणार व्हय?”

मालकीणबाई संयोगिता ऑफिसात येऊन कडाडल्या, “उत्कर्षा, अर्ध्या तासात ओतलं नाही तर लोखंड भट्टीतच गोठेल. भट्टी फोडावी लागेल!”

कॉम्प्युटर सांभाळणारी उत्कर्षा नवी होती. पडद्यामागच्या जुन्या वेबपानात जावा भाषेतला कोड इतका माजला होता, की माऊस फिरवला तरी बोटाला कुसळं टोचावीत. काल तिनं तो सगळा खुरपून काढला आणि सुटसुटीत टॅग लावले. टॅगांनी हजेरीपटावरची नावं जशीच्या तशी पडद्यावर मांडली.

तिनं घाईनं जुना जावा पानाच्या डोक्यावर परत चिकटवला, टॅग खाली तसेच ठेवून त्यांना जावातलं नाव दाखवायला सांगितलं. पडदा हलला. आता तिथं नुसतं ' – भट्टी' उरलं.

“बगा! नावच पुसलं गड्या माझं!” बाहेरून आवाज आला.

तिनं ते पान मुळात लिहिणाऱ्या नानासोंना फोन लावला. ते आता नोकरी सोडून कोरेगावला शेती करत होते, आल्याच्या पिकाच्या वाफ्यात उभे होते.

“काका, जावात नाव बरोबर बनतंय, पण टॅग रिकामा दाखवतोय.”

“दावणारच. टॅग म्हंजे भायेर सोप्यात बसलेला पाव्हणा. जावा सैपाकघरात काय पुटपुटतोय ते त्येला ऐकू येत न्हाई. नाव बनलं की मधल्या कोनाड्यात आणून ठिव, पेजकॉन्टेक्स्टमधी. तितनं उचलंल त्यो.”

एका ओळीचं काम. पडदा पुन्हा हलला : 'हंबीरराव – भट्टी'. खाली 'धुळाआप्पा – साचे', 'बनुमावशी – वाळू'.

“आता कसं!” म्हणत हंबीररावांनी मांडी सोडली आणि भट्टीकडे असे सुटले, की मोटारसायकलच बिचारी लाजून आडवी झाली.

“पयल्या दिशी माझ्या पानानंबी त्येला हंबीरच म्हटलं हुतं,” नानासो फोनवर हसले. “गडी आठवडाभर फिरकला न्हाई. मग म्या गेटावर हुबा ऱ्हायलो. कोण कुणाला कसं हाक मारतं ते ऐकलं आन् एकेकाचं नाव जावात घातलं. इथं ह्या आल्याच्या पिकाला काय हाक मारायची? फोन ठिवू नगंस. जरा भायेर धर.”

तिनं फोन धरलेला हात खिडकीबाहेर काढला. भट्टीकडून लोखंड ओतल्याचा धडधडाट आला, त्यावरून धुळाआप्पाची हाळी, “आवं हंबीरराव, टीव्हीला लय दम दिलासा!” आणि त्यावर एक लांबलचक, खणखणीत हसू.

तिनं फोन परत कानाला लावला.

“बनुमावशी अजून तशीच हसती,” नानासो म्हणाले.

“काका, माझीही ओळ आहे पडद्यावर. 'उत्कर्षा – कॉम्प्युटर'. तिथं काय घालू?”

“ते मला वाफ्यातनं कसं कळावं? जा की गेटावर.”

तिनं जावात अजून एक अट लिहिली. उत्कर्षा असेल तर दाखव, आणि पुढं दोन अवतरणचिन्हं. त्यांच्यामध्ये कर्सर लुकलुकत ठेवून ती जिना उतरली.